पाठमोरी

२ नोव्हेंबर

पुन्हा पाहिलं. सिनेमात नायक कमानीखाली उभा. नायिका त्याच्याकडे पाहत नाही. मागून सुनीती जाते. मोहरीच्या रंगाची नारायणपेठ, डाव्या खांद्यावर जुन्या पडद्याची शिवलेली पिशवी. पायरीशी थबकते. गुडघ्यावर हात ठेवते. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेते, चढते, उजवीकडे वळते. संपलं. चेहरा दिसत नाही. दहा-बारा सेकंद, फार तर.

सिनेमा आला तेव्हा अनघाने पुण्याहून फोन केला होता. "बाबा, गाणं संपलं की लगेच बघ. हिरोकडे नको, मागे बघ. आई आहे." सुनीतीला जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.

शूटिंगचं तिने सांगितलं होतं. घरी येऊन, चपला काढता काढता. "अमीनाबादच्या मागे एकाने हाकललं मला. आंटी, फ्रेम से हटिए. मी म्हटलं, भैया, ये रस्ता है." आम्ही हसलो. विषय संपला.

तो संपला नव्हता. साडी ऑफिसची आहे, म्हणजे कामाचा दिवस. ऑफिस अलीगंजला, घर इंदिरा नगरला. अमीनाबाद जुन्या लखनौत, वाटेत येत नाही. त्या गल्लीत आमचं कुणी नाही. आणि ती चुकलेल्या माणसासारखी चालत नाही. वळायचं कुठे ते तिला ठाऊक आहे.

४ नोव्हेंबर

पॅकर्सचा माणूस येऊन गेला. पुस्तकांच्या कपाटांकडे पाहून म्हणाला, "सर, ये सब जाएगा?" सगळं जाईल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रक.

सांगलीला विश्रामबागेत फ्लॅट घेऊन ठेवलेला आहे. सुनीतीचं माहेर सांगलीचं. तिच्या बदलीमुळे लखनौला आलो, मग इथेच तिची नोकरी संपत आली, मी कॉलेजात इंग्रजी शिकवून मोकळा झालो. निवृत्तीनंतर सांगली, हे ठरलेलं. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बाल्कनीत उभी राहून म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल इथे." मी म्हटलं, "माझं काय, तू खूश तर झालं." ती हसली. ठरलं.

निवृत्ती तिला मिळाली नाही. निदान तिचं सांगली तरी राहून जाऊ नये. म्हणून जातो आहे. मला स्वतःला तिथे काय आहे, हा प्रश्न मी विचारत नाही.

जायच्या आधी एवढं कळलं पाहिजे — ती कुठे चालली होती.

६ नोव्हेंबर

गल्लीत गेलो. सिनेमा आल्यानंतर पहिल्यांदा.

आधी वाटलं, चुकलो. कमानीला गुलाबी रंग दिला आहे. सिनेमात ती मळकट आहे, पण सिनेमाच्या पोस्टरवर गुलाबी आहे. तारा काढल्या, दिवे लावले. भिंतीला चौकट आखून "यहाँ खड़े हों" लिहिलं आहे. लोक रांगेत उभे राहून तिथे उभे राहतात.

अस्तराचं कापड विकणारे अनवार मियां आता मोहरी रंगाच्या साड्या विकतात. सोबत पिशवी. बाहेर पाटी: आंटी सेट. मी पिशवी हातात घेतली.

"परदे के कपड़े की है, जनाब. ओरिजिनल."

सुनीतीची पिशवी आमच्या मागच्या खोलीच्या पडद्याची होती. उरलेला पडदा अजून लटकतो आहे.

८ नोव्हेंबर

अनघाला विचारलं, आंटी सेट म्हणजे काय. मग म्हणाली, "बाबा, मी तुला सांगणार नव्हते. ट्रेंड आहे. आंटी वॉक म्हणतात. मुली रील करतात. तू बघू नको ना, यार."

बघितले. पुष्कळ आहेत. कुणी लंगडत जाते आणि मागे हसण्याचा आवाज. बंद केला फोन.

९ नोव्हेंबर, रविवार

गल्ली. आज टूरवाल्यांची गर्दी. उत्कर्ष नावाचा गाइड आहे, नेहरू जॅकेट, चांगला आवाज. आधी 'पहले आप'चा विनोद सांगितला, दोन नवाबांची गाडी सुटते तो. इतकी वर्षं इथे काढली, कुणी कुणाला तसं म्हणताना ऐकलं नाही. लोक हसले. मग टॅबवर तो प्रसंग दाखवला.

"अब हीरो को छोड़िए, पीछे देखिए. ये जो ख़ातून जा रही हैं, एक्ट्रेस नहीं हैं. पुराने नवाबी ख़ानदान से हैं, इसी गली की. डायरेक्टर साहब ने इनकी चाल देखी और कहा, कैमरा बंद मत करना. देखिए, सीढ़ी पर कैसे रुकती हैं. इसको कहते हैं नज़ाकत. यह सिखाई नहीं जाती."

तिला संधिवात होता.

गर्दी पांगल्यावर त्याला म्हटलं, "ये महाराष्ट्र की थीं. सांगली की."

तो हादरला. "आपको कैसे पता?"

"पता है."

इकडेतिकडे पाहून म्हणाला, "अंकल, फिर किसी और को मत बताइएगा." मग जरा ओशाळून: "लोग इतनी दूर से आते हैं. सांगली सुनने थोड़े आते हैं."

मला राग यायला हवा होता.

११ नोव्हेंबर

दुकानं फिरलो. फोनवर चौकट थांबवून विचारलं, ही बाई कुठे जायची.

अनवार मियां: आमच्याकडे. महिन्याला एक चिकनकारीचा कुर्ता.

कबाबवाला: "हमारे गलावटी पर जान देती थीं." सुनीती अंड्याच्या ताटाशेजारी बसत नसे.

अत्तरवाला, आवाज खाली करून: हकीमसाहेबांकडे. मूल होत नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी!

सगळे प्रेमाने सांगतात. खोटं बोलताहेत असंही वाटत नाही. येणाऱ्या प्रत्येकाने तेच विचारलं आणि प्रत्येकाला काहीतरी द्यायचं होतं. देता देता त्यांना आठवायला लागलं. खरंच कुणी तिला पाहिलं असेल, तर ते आता याच्याखाली गाडलं गेलं आहे.

१३ नोव्हेंबर

धुकं. गेलो नाही.

१४ नोव्हेंबर

गेलो.

मुली करून दाखवतात. बहुतेकींना जमत नाही. त्या आधी लंगडतात. सुनीती लंगडत नसे. पायरी आली की क्षणभर पायरीशी बोलणी करायची, मग चढायची.

एकीला जमलं. जीन्समधली मुलगी, कानपूरहून आलेली. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली — न बघता, मानेला किंचित झोका देऊन — आणि मी भिंतीला हात लावला.

तिने मला पाहिलं. "अंकल, ठीक था?"

"हाथ बाएँ घुटने पर," मी म्हटलं.

"अच्छा! सब लोग दायाँ करते हैं." पुन्हा केलं. मैत्रिणीने पुन्हा रील काढला. मी पुन्हा पाहिलं.

"और एक बार?" तिनेच विचारलं.

मी हो म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

कालही गेलो, आजही. वेड्यासारखं आहे हे. घरी खोकी उघडी पडली आहेत आणि मी अमीनाबादेत उभा राहून परक्या मुलींच्या पाठी बघतो आहे. उत्कर्षने आज कुणाला तरी सांगितलं, "ये अंकल यहाँ के पुराने हैं, सब जानते हैं." मी काही जाणत नाही.

तरी एक कळलं. मुली कमानीपाशीच थांबतात, कारण रीलला तेवढंच लागतं. पायरी चढून उजवीकडे कुणी वळत नाही. मी वळलो. हिरवा दरवाजा, आत जिना. बाकी सगळ्या भिंती सरळ. दुसरीकडे कुठे जाताच येत नाही.

जिन्याच्या वर कॅफे.

१७ नोव्हेंबर

कॅफेत जाऊन आलो. जिना उभा आहे, मलाच दम लागला. वर एकच खोली आणि पुढे गच्ची. खिडकी चांगली. खालची सगळी गल्ली दिसते, पलीकडे पतंगांच्या गच्च्या. पाटीवर, मेन्यूवर, कागदी पेल्यावर एकच चित्र: पिशवी घेतलेली पाठमोरी बाई. दोन रेघांत काढली आहे. खांदा बरोबर आला आहे.

कॉफी प्यायलो. पेला टाकता येईना. खिशात घालून आणला.

काउंटरवर पूर्वा नावाची मुलगी आहे. नावावरून विचारलं तर नागपूरची निघाली, वडील एअर फोर्समध्ये. मी मराठीत बोललो, ती हिंदीत उत्तरं देत राहिली. "अंकल, समझती सब हूँ." कॅफे सिनेमानंतरचा. त्याआधी इथे काय होतं? "ख़ाली था शायद. मकान नुज़हत बाजी का है. नीचे रहती थीं. इतना शोर हो गया कि निशातगंज चली गईं, बहन के पास."

नंबर दिला.

२२ नोव्हेंबर

चार दिवस फोन केला नाही. कळेपर्यंत काहीही असू शकतं. कळलं की तेवढंच उरेल.

आज केला. उद्या या म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

निशातगंज. नुज़हत बाजी शाळेत गणित शिकवायच्या. सत्तरीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू. सिनेमा पाहिलेला नाही. "सुना है हमारा दरवाज़ा उसमें है. होगा."

मी फोन पुढे करणार होतो. त्यांनी हात हलवला. "दिखेगा नहीं. बताइए."

सांगितलं. मोहरी रंग. पडद्याची पिशवी. गुडघा.

"मराठी मैडम," त्या म्हणाल्या. मग माझ्या दिशेने वळून: "तो आप साहब हैं."

प्रश्न नव्हता तो. मी हो म्हटलं.

"हमारे यहाँ की दाल खाकर कहती थीं, साहब होते तो गुड़ माँगते. कैसी हैं अब? फिर आईं ही नहीं. हम तो नाराज़ बैठे हैं."

मी सांगितलं.

त्यांनी दुपट्टा डोक्यावरून पुढे ओढला. ओठ हलत होते. खाली रस्त्यावर सब्जीवाला ओरडत गेला. मग बहिणीला हाक मारून चहा सांगितला.

"कमरा देखने आई थीं," त्या म्हणाल्या. "ऊपर वाला, जहाँ अब ये कॉफ़ी वाले हैं. फिर आती रहीं. दफ़्तर से छुट्टी लेकर. कभी छत पर बैठतीं, कभी बस खिड़की पर. हमने कहा, ज़ीना ऊँचा है, आपका घुटना. बोलीं, घुटना मेरा है, मैं उसे समझा लूँगी."

"कमरा किसके लिए?"

"लीजिए. अपने लिए! आप दोनों के लिए. रिटायरमेंट के बाद." भिंत समोर असल्यासारखी त्यांनी हवेत वीत ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. "ऐसे नापी थी दीवार. कहा, साहब की किताबें इधर आ जाएँगी. साहब खिड़की पर बैठेंगे. हमने कहा, और आप? बोलीं, मैं नीचे आपसे झगड़ा करूँगी."

त्या हसल्या. मीही.

"हमने ख़ाली रखा बहुत दिन. किसी को दिया नहीं. फिर सिनेमा आया, ये बच्चे आए, भाई ने कहा दे दो. दे दिया." मग: "एक बार फ़ोन कर दिया होता उन्होंने."

"अस्पताल में थीं."

"हाँ. हमें क्या मालूम."

निघताना त्यांनी माझा हात शोधून दोन्ही हातांत धरला. मी उतरलो. रिक्षा केली. पुलावर आल्यावर लक्षात आलं, विचारायचं होतं ते विचारलंच नाही. विश्रामबागचा फ्लॅट तेव्हा घेऊन झाला होता. किल्ल्या तिच्याच पर्समध्ये असायच्या.

२४ नोव्हेंबर

पॅकर्सचा फोन. ट्रक नक्की का. उद्या सांगतो म्हटलं.

अनघाला काही सांगितलेलं नाही. सिनेमा लावला, तो भाग येण्याआधी बंद केला. ती वळते, जिना चढते, खिडकीशी बसते. ते सिनेमात नाही. ते आता मला दिसतं.

त्या खिडकीत माझी खुर्ची होती. कॉफी पिताना मी त्याच जागी बसलो होतो.

२५ नोव्हेंबर

नुज़हत बाजींना फोन केला. विचारलं, सांगलीबद्दल ती कधी काही म्हणाली होती का.

"कहती थीं, साहब का दिल वहीं अटका है, उन्हीं की ख़ातिर हाँ कर बैठी हूँ. बहुत डरती थीं आपसे कहने में. फिर कहतीं, मना लूँगी."

ट्रक नको म्हणून कळवलं.