फोटोतला पांढरा शर्ट

मंगळवार, संध्याकाळ. छावणी वस्ती.

हाताचा रंग अजून धुतलेला नाही. आधी हे लिहून टाकतो.

किसनभाऊ गटार साफ करायला चेंबरमध्ये उतरले आणि आतच गुदमरून गेले, त्याला महिना झाला. वस्तीने त्यांचं चित्र भिंतीवर काढायला मला सांगितलं. त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, फोटो दिला. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी त्यातला चेहरा तेवढा घेतला आणि खाली गळ्यापर्यंत काळं गटार रंगवलं. बघणाऱ्याला लाज वाटली पाहिजे, असं माझ्या मनात होतं.

आज दुपारी चित्र पुरं झालं. चहावाला रफिक म्हणाला, "क्या बात है पेंटर, अब तू पेपर में आएगा!" मी लगेच भिंतीपुढे उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. का घेतला?

मग वहिनी आल्या. त्यांनी चित्र बघितलं.

"त्यांला वर काढाया सहा माणसं लागली," त्या म्हणाल्या. "तू एकट्यानं परत आत घातलंस व्हय रं?"

त्या रोज याच भिंतीसमोरून पाण्याला जातात. मला ते माहीत होतं. तरी कसं सुचलं नाही?

"शर्ट रंगवतो, वहिनी," एवढंच बोललो.

गटारावर पांढऱ्याचे दोन हात दिले. खालचा काळा अजून दिसतोय, नेमका कॉलरपाशी. उद्या वाळल्यावर तिसरा देईन. मग बटणं, गळ्यापर्यंत.