त्या चार पेट्या

नागपूर, १४ एप्रिल १९५७

ती. वच्छलाबाईस, लटारूचा शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. मूल गावात भातगिरणीच्या आवारात माझा सत्कार ठरवला म्हणे. पेपरातलं कात्रण खिशात घेऊनच फिरत असतील. बाई, मी फार थकलो आहे. मोठी बहीण म्हणून तूच त्यांना थोपव.

पेपरात अर्धंच आलं आहे. आमचं मालवाहू विमान गडचिरोलीच्या पुढे गेलं आणि डावं इंजिन बंद पडलं. विमान परत फिरवलं तरी ते खाली खाली येत राहिलं. पायलटसाहेब ओरडले की सामान फेका, खाली नुसतं जंगल आहे. बिनतारी यंत्र सोडून मी धावलो. चार पेट्या दारातून ढकलल्या. पाचवीला हात लावला आणि आठवलं, चैत्र आहे, सकाळचे सात वाजलेत, मोहाच्या एकेका झाडाखाली एकेक घर फुलं वेचत असेल. साहेबांना ते कुठून माहीत असणार! मला माहीत होतं, तरी चार गेल्या. उरलेल्या मी वैनगंगेची वाळू येईपर्यंत धरून ठेवल्या, मग तिथे कोरड्या पात्रात ढकलल्या आणि आम्ही कसेबसे नागपूरला उतरलो. तेव्हा साहेबांनी शिव्या दिल्या. आता तेच अहवालात लिहितात की लटारूने डोकं शांत ठेवलं.

त्या चार कुठे पडल्या ते भावजींना शोधायला सांग. तोवर मला अन्न गोड लागायचं नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा लटारू

आरमोरी, २६ एप्रिल १९५७

चि. लटारूस अनेक आशीर्वाद.

मारकी म्हैस दिसली की माझ्या पदराआड लपणारा तू, आणि आता पेपरात! बाबा ऐकत नाहीत. मांडववाल्याला सांगूनही झालं.

हे शाळेच्या कामात अडकले, म्हणून पेट्या कोसमटोल्याकडे पडल्याचं कळताच मीच गाडीवान सुकलूच्या बैलगाडीने तिथे जाऊन आले. अजून कंबर धरलेली आहे. तुझ्यापासून लपवत नाही. तीन पेट्या रानात फुटल्या. चौथी मोहावर आदळली आणि मोठी फांदी खाली फुलं वेचणाऱ्या चैतूच्या पायावर पडली. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. घरात तो आणि बायको बुधरी, दोघंच. नवऱ्याचं करता करता तिला झाडाखाली जाणं झालं नाही. यंदाची फुलं हरणांनी खाल्ली.

पेटी माझ्या भावाने टाकली, हे मी सांगितलं. बुधरीने नवऱ्याच्या पायाखालची गोधडी सारखी केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग तिने विचारलं की वरची माणसं जिती उतरली काय. हो म्हटल्यावर तिने मला पाणी दिलं. चैतूने मात्र भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं की पावसाळ्यात नांगर कोण धरन, ते तुमच्या भावाले इचारा.

मला रडू आलं. तू जेवत जा.

तुझी वच्छला

नागपूर, ३ मे १९५७

ती. वच्छलाबाईस शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. साहेबांना म्हटलं की अहवालात चैतूचंही नाव घाला. त्यांनी लिहून घेतलं. सत्कारासाठी मिळालेली रजा मी मृगात मागून घेतली आहे. दहा वर्षांत नांगर धरलेला नाही, तास वाकडं जाणार. चैतूने खाटेवरून ओरडावं.

दमलो आहेच, पण काल पोटभर जेवलो. बाबांना सांग, मांडव नको, बैलजोडी कोसमटोल्याला पाठवा.

तुझा लटारू