नऊ नंबरचा खिळा

प्रिय चिमणे,

तू म्हणालीस म्हणून परवा जाऊन तुझं घर पाहून आलो. आमच्या अग्निशमन केंद्रात आता माणसं संसार थाटणार, हे अजून माझ्या पचनी पडत नाही. खाली बंब उभे असायचे तिथे गुळगुळीत फरशी आली आहे. तुझा फ्लॅट म्हणजे वरची आमची झोपायची खोली. खिडकीकडून तिसरी खाट दादाची, तुझ्या बाबांची, तिथे आता तुझा ओटा. चौथी माझी. घंटा झाली की आम्ही घसरत खाली जायचो तो पितळी खांब ठेवलाय, त्याच्या भोकावर जाड काच बसवली आहे. आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, काचेवर बिनधास्त उभे राहा. राहिलो. काही वाटलं नाही. तुझी काकू म्हणते तुमचा दगड झालाय, आणि ती फटकळ असली तरी खोटं बोलत नाही.

दादा त्या खांबावरून फारसा उतरायचाच नाही. जिन्याने यायचा, आणि तरी माझ्याआधी बंबावर. मी बुटाचा दुसरा पाय शोधत असायचो. आगीतून बाहेर येताना मात्र मी पुढे, तो मागे. घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली.

बाईंना बंबावरचा बिल्ल्यांचा फळा सापडलाय, तो दाराशी लावणार आहेत. आगीत शिरताना प्रत्येकाने आपला बिल्ला आपल्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर आपणच काढायचा. बिल्ला राहिला म्हणजे माणूस आत आहे. मग दोघं त्याला आणायला जातात. निवृत्त होताना आम्ही बिल्ले जमा केले, म्हणून खिळे भरलेले दिसतात. नऊ नंबरचा, दादाचा, तेवढा रिकामा. बाई म्हणाल्या, नवा करून घेऊ. मी नको म्हणालो.

बाबांचा बिल्ला कुठे आहे, असं तू लहानपणापासून विचारत आलीस. आगीत गेला, असं मी सांगत आलो. तुझ्या आईलाही तेच सांगितलं, आणि हेही की छत अचानक कोसळलं, कुणाच्या हातात काही नव्हतं. तिला खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही, आणि मग ती गेलीच.

आम्हा भावांना एक खोड होती. आधी बाहेर येईल त्याने दोघांचे बिल्ले काढायचे. दादा नेहमी दोन पावलं मागे असायचा, मी त्याचा बिल्ला त्याच्या हातावर टेकवायचो. साहेब रागवायचे, आम्ही हसण्यावारी न्यायचो. त्या दुपारी कापडाच्या गोदामातून मी बाहेर आलो, दोन्ही बिल्ले काढून खिशात टाकले आणि धुराने चुरचुरणारे डोळे धूत बसलो. साहेबांनी रिकामा फळा पाहिला, तरी मला विचारलं, "दोघंही आलात?"

मी म्हणालो, "आलो." मागे वळून पाहिलं नव्हतं.

छत त्यानंतर अकरा मिनिटांनी कोसळलं. तेवढ्या वेळात दोन माणसं आत जाऊन एकाला घेऊन येतात. मी स्वतः आणलेत.

बिल्ला या पाकिटात आहे. दाराशी त्या फळ्यावर लावायला तुला तो हवा असणार, म्हणून हे पत्र. पण तो कुठून आला हे माहीत नसताना तू लावू नयेस. राहायला येशील तेव्हा मला बोलवायचं की नाही, ते तू ठरव. नाही बोलावलंस तर मी समजेन. भीती मात्र वाटते. बोलावलंस, तर जिन्याने येईन, सावकाश.

तुझाच,
काका