दोन मापं मोठ्या बांगड्या

कमलनगर, मंगळवार

विहीणबाई राजश्रीताई यांना सावित्रीबाईचा मनापासून जय भीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? पापड घालायला गच्चीवर चढू नका म्हणून मागं सांगितलं होतं, म्हणजे तुम्ही चढलाच असाल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्यावर फार विसंबू नका.) फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुमचा आवाज आला की माझ्या तोंडून "सगळं बरं आहे" आपोआप निघतं. कागदावर ते तितकं सोपं जात नाही.

आधी एक गोष्ट. तुमच्या कानावर जे आलं असेल ते खोटं आहे. माझ्या रत्नपालनं तुमच्या प्रेरणावर हात उगारलेला नाही. लाटणं उगारलं ते मी, आणि तेही त्याच्यावर. झालं असं की डोहाळजेवणाच्या दोन दिवस आधी महेबूबबी हिरव्या बांगड्या भरायला घरी आली. (निम्म्या तालुक्यातल्या बायकांची मनगटं तिच्या ओळखीची. माणसाचं तोंड विसरेल, हात विसरत नाही.) प्रेरणानं बाही वर केली तर कोपरापासून मनगटापर्यंत निळे डाग, कुणी बोटं रुतवून धरल्यासारखे. आता मी अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली बाई. असले डाग किती बघितले, आणि "दाराला लागलं" हे किती ऐकलं! त्यात प्रेरणा म्हणाली, "आत्या, जीपमध्ये चढताना दांडी लागली असंल," आणि माझं डोकंच फिरलं. रत्नपाल आत बसून कॉलेजचे गणिताचे पेपर तपासत होता. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा पेपरांच्या गठ्ठ्यावर. बत्तीस वर्षांचा लेक्चरर "आई, कामून मारायलीस? काय केलो मी?" म्हणत अंगणात पळाला आणि मी त्याच्या मागं. गल्लीनं हातातली कामं टाकून बघितलं. संध्याकाळच्या आत जीपच्या अड्ड्यावर त्याची वेगळीच बातमी झाली होती, आणि तिथून ती तुमच्या कोहिनूर गावच्या भावजयीपर्यंत पोचायला जीपसुद्धा लागत नाही.

या सगळ्या गोंधळात महेबूबबी जागची हलली नव्हती. तिनं प्रेरणाचा हात मांडीवर घेतला, अंगठ्यानं अगदी हळू दाबला आणि त्या जागेवर नजर ठेवली. थोड्या वेळानं त्या जागी निळं उमटलं. मग तिनं मला हाक मारली, "अक्का, बेलन रखो. छोरे का कुसूर नै. इस हात के खून में कुछ होरा. पहले डाक्टर, चूडियां बाद में." आणि बांगड्या परत टोपलीत ठेवल्या. ताई, मी तीस वर्षं लोकांच्या सुनांच्या पापण्या खाली ओढून रक्त बघितलं, लोहाच्या गोळ्या वाटल्या. प्रेरणाच्या पापण्या आतून लालबुंद होत्या म्हणून मी निवांत होते. माझ्या घरातलं मला दिसलं नाही ते त्या बाईला अंगठ्यानं कळलं. मी लाटणं गुपचूप तिच्या पायाशी ठेवलं. (रत्नपालची माफी मागायची अजून राहिली आहे. निमित्त सापडत नाही.)

रक्त तपासलं. वाहणारं रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी असतात, प्लेटलेट म्हणतात त्यांना. त्या दीड लाखाच्या वर हव्यात. प्रेरणाच्या अठ्ठावन्न हजार. मग ज्ञानी माणसं भेटायला लागली. एकानं डेंग्यू ठरवला, एकानं अशक्तपणा, एकानं मोबाईल. शेजारीण मंतरलेला दोरा आणि डाळिंबं घेऊन आली. आपलं बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर, दोरा तिथल्या तिथं परत केला. (डाळिंबं ठेवून घेतली. डाळिंबाविरुद्ध एकही प्रतिज्ञा नाही.) शेवटी बीदरला, मैलूरमध्ये डॉक्टर नेत्रावतींकडे गेलो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अक्का, कामून कमी झाल्या ते मला अजून कळालं न्हाई. पण काय करायचं ते मला ठाऊक हाय." उभ्या जन्मात डॉक्टरच्या तोंडून मी "कळालं नाही" ऐकलं नव्हतं. रत्नपाल बाहेर येऊन धुसफुसला, मला मात्र त्या बाईचा मोठा आधार वाटला. ज्यांना कळलं होतं ते तिघंही तोवर चुकलेलेच निघाले होते.

यंत्र कधी कधी चुकतं म्हणून डॉक्टर काचेवर रक्ताचा थेंब पसरून डोळ्यांनी मोजतात. मलाही बघायचं म्हणून मी हटून बसले. डॉक्टर हसल्या आणि सूक्ष्मदर्शकापाशी जागा दिली. ताई, काय सांगू! तांबूस गोल पेशींची दाटी, आणि त्यांच्यामध्ये कुठंतरी एखादा जांभळा कण, खसखशीपेक्षा बारीक. मी विचारलं, एवढ्याशा ह्या रक्त थांबवणार? त्या म्हणाल्या, "व्हय अक्का. हाईत तेवढ्याच कामाला लागत्यात." मी परत डोळा लावला. आणि त्याच वेळी बाहेर बाकावर प्रेरणाच्या पोटात तुमचं-आमचं नातवंड लाथा मारत होतं. आईच्या रक्तात काय कमी पडलंय हे त्याच्या गावीही नाही. तिच्याच रक्तावर ते वाढतंय, आणि झोकात वाढतंय. इतकी बाळंतपणं बघितलेली मी, त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्यासारखी बघत राहिले.

आता दर आठवड्याला रक्त तपासायचं. आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला तर गोळ्या सुरू. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच, रक्ताची तयारी ठेवून, म्हणजे तुमच्याकडे कलबुर्गीला. पहिलटकरीण माहेरीच जाते, तुमचा हक्क आहे, मी आडवी येणार नाही. परवाचा आकडा बहात्तर आहे, चढतोय, काळजी नसावी. पुढं ढकललेलं डोहाळजेवणही झालं. महेबूबबी दोन मापं मोठ्या बांगड्या घेऊन आली आणि दाब न देता नुसत्या सरकवल्या. त्या गळून पडतात म्हणून प्रेरणा हात वर धरून चालते. गल्लीला वाटतं, ही येणाऱ्याजाणाऱ्याला जय भीम करते आहे.

तुमची,
सावित्रीबाई

ता. क. डाळिंबं चांगली निघाली. बिया ठेवल्या आहेत, येताना आणते.

ता. क. २. "येताना" लिहून बसले, आता सांगूनच टाकते. सासूनं सुनेच्या माहेरी बाळंतपणाला जाऊन राहायची आपल्यात रीत नाही, लोक हसतील हेही ठाऊक आहे. पण आकडा कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मला स्वयंपाकघराचा कोपरा पुरे. तुमच्या कामात लुडबूड करणार नाही. (करीन, पण कमी.) येऊ का? पिशवी भरून ठेवली आहे.

आई, मी प्रेरणा. पत्र पाकिटात घालायला आत्यांनी माझ्याकडेच दिलं. आकडा बहात्तर नाही, चोपन्न आहे, आणि उतरतोय. त्या माझ्यासमोर हसतात, मी त्यांच्यासमोर हसते, आता दोघींचेही गाल दुखायला लागलेत. तू हो म्हण. तुझ्याकडे आलो की आम्हा दोघींना एकदा पोटभर रडून घेऊ दे. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. बांगड्या पडू नयेत म्हणून एका हातानं दुसरा हात धरून लिहिते आहे.