तिण्णैवर मराठीतून गणित

१५ जून, शनिवार
योजना सुरू. कॉलेजच्या मुलांनी दर शनिवारी शाळेच्या मुलांना शिकवायचे. जागा आमची तिण्णै, म्हणजे रस्त्याकडचा ओटा. देणाऱ्याची विद्या वाढते, घेणाऱ्याची उघडते. मध्ये योजक लागतो. तो मी. नियम एकच : मातृभाषा. इथे तमिळ मुलखात घरी मराठी बोलणाऱ्यांना तमिळमधून गणित म्हणजे दुसऱ्याच्या चपला. सरोजा म्हणाली, पेपर तमिळमध्येच येतो ना हो. बायकोला तपशिलात फार रस.

२२ जून
तुळजाराम मुलीला घेऊन आला. दिव्यश्री, दहावी. तो लॉरी शेडमध्ये कारकून. स्पष्टच बोलला : जयतीर्थराव, गणितात पास झाली तर अकरावी, नाहीतर कोइमतूरकडे सूतगिरणी. तिथे हॉस्टेल आहे, आत्याची मुलगी आहे.
मी म्हणालो, काळजी सोड.
तिला मुरलीकृष्ण दिला. बी.एस्सी. गणित, हुशार. दोष एकच, देवनागरी येत नाही. तिलाही नाही. आधी दोघांना मीच शिकवीन. लाभ पहिला : एका बैठकीत दोन शिष्य.

१७ ऑगस्ट
अक्षरे झाली, जोडाक्षरे अडली. गणित अजून नाही. पाया घाईने घालू नये. मुरली म्हणतो, सार, क्वार्टर्ली परीक्षा तोंडावर आली. सार नव्हे, गुरुजी म्हण, असे सांगितले. बरं सार, म्हणाला.

२८ सप्टेंबर
क्वार्टर्लीत दिव्यश्री गणितात नापास. पेपरात 'काटकोन' हा शब्दच कुठे नव्हता, म्हणाली. पेपर काढणाऱ्यांची कमाल आहे.

९ नोव्हेंबर
आज डोळ्यांनी पाहिले. राजवाड्यामागच्या चहाच्या दुकानात, बाकावर, मुरली तिला चक्क तमिळमधून त्रिकोणमिती शिकवत होता. कॉलेज सुटल्यावर रोज शिकवतो, म्हणे. ती हसत होती. गणितात हसण्यासारखे काय असते?
मामा, मला आता कळायला लागलंय, म्हणाली. कळल्याचा भास हा अज्ञानाचाच एक प्रकार.
शिवाय वयात आलेली मुलगी, चहाचे दुकान, चार लोक. तुळजारामच्या कानावर घातले. त्याने मुरलीला बंदी केली. लाभ दुसरा : शिस्त.

११ जानेवारी
गणित आता मीच घेतो. सूत्रे संस्कृतात बांधली आहेत. ती न अडखळता म्हणते. अर्थ विचारला की गप्प. मौन हे मननाचे लक्षण.
सरोजा म्हणाली, त्या मुरलीला बोलवा, पोरीचं नुकसान होतंय. बोलावले असते. पण आधी त्याने चूक कबूल करायला हवी.

१ मार्च
परिसंवादात 'कॉलेजच्या मुलांकडून शाळेच्या मुलांना होणारे लाभ' यावर बोललो. दिव्यश्रीने स्टेजवर सूत्रे म्हटली. टाळ्या. खाली उतरल्यावर तिने विचारले, मामा, हे परीक्षेत येईल का? दृष्टी अजून संकुचित आहे. होईल विशाल.

१६ मे
निकाल. बाकी सगळ्यांत पास, गणितात नापास.
जुलैत पुरवणी परीक्षा असते, हे सांगायला गेलो. तुळजाराम म्हणाला, सोमवारी गिरणीची व्हॅन येते, बोलणं झालंय. तक्रार नाही. तुम्ही पुष्कळ केलंत, म्हणाला, आणि मुलीला माझ्या पाया पडायला लावले.
पद्धत बरोबरच होती. अवधी अपुरा पडला.

२२ जून, रविवार
हॉस्टेलातून रविवारी फोन करू देतात, थोडाच वेळ. ती सरोजाला करते. आज मी घेतला. मराठी स्वच्छ झाले आहे. तसे म्हणालो. ती म्हणाली, रात्रपाळी आहे, झोपले तरी यंत्र ऐकू येतं.
मग हळूच म्हणाली : मामा, पुरवणी परीक्षेला नाव घालायचा आज शेवटचा दिवस. मुरली अण्णा रोज फोनवर शिकवतो म्हणालाय. बाबा म्हणाले, जयतीर्थराव हो म्हणाले तर माझं हो. वॉर्डन शेजारीच आहे, तुमचं हो ऐकलं की लगेच ऑनलाइन नाव घालते. तिला फक्त हो म्हणा.
मी विचार केला. कोणत्या भाषेतून शिकवणार, हे विचारणे माझे कर्तव्य होते. विचारले. मामा, वेळ संपत आली, म्हणाली. मी मातृभाषेची बाजू थोडक्यात मांडली. मग, अपवाद म्हणून, हो म्हणालो.
पलीकडून कोणी दुसरीच मुलगी तमिळमध्ये म्हणाली, त्या अक्काची वेळ संपली, ती गेली. फोन ठेवा, मला घरी लावायचाय.