गाऱ्हाण्यात गेलेला गोठा

आचरा, कार्तिक, सन १९५६

भावजींस कावेरीवहिनीचे आशीर्वाद. प्रकृती बरी असेलच, कारण मुंबईत बसून इथल्या घराला आग लावायची तर अंगात ताकद लागते. आम्ही सगळे खुशाल, एक तांबू गाय सोडून.

गणपतीत तुम्ही बाकड्यावर चढून, वाडीतलं जुनं थेटर पुन्हा उभं करा, असं भाषण केलंत नि गेलात. इथे माणसं पेटली, कमिटी झाली. ते थेटर मामंजींनी फुटलेल्या गलबताच्या लाकडांनी बांधलं हे खरं. गोव्याच्या नाटक कंपन्या होडीने येत (बायकांना खांबामागे बसवत, मी कुठल्याच राजाचं पुरं तोंड पाहिलं नाही). मग वादळात कौलं उडाली, नाटकं बंद. तेव्हापासून तांबूला मी तिथे बांधते. छप्पर झावळ्यांनी मी शाकारते, जमीन मी सारवते. थेटर टिकलं ते गायीमुळे, पण कमिटीतल्या पुरुषांना हे कोण सांगणार?

जागा सोडणार नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. उद्घाटनाला देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. मान आपल्या घराचा, पण तुमचे भाऊ बोटीवर, तुम्ही मुंबईत. म्हणून शेजारचा हरिश्चंद्र नारळ घेऊन उभा राहिला. रोगराई दूर कर म्हणाला, सगळे म्हणाले व्हय म्हाराजा. चाकरमान्यांना सुखी ठेव म्हणाला, व्हय म्हाराजा (इथे मी गप्प राहायला हवं होतं). मग मेला त्याच सुरात म्हणतो, "ह्या थेटरात जा कोणाचा गोरू बांधलेला आसा, ता आजपासून मालकाच्या दारात सुखान नांदू दे, रे म्हाराजा." आणि सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा कोण म्हणालं? मी. जन्माची सवय. देवासमोर कबूल झालं.

तांबूला घरी ओटीवर बांधलं. पण ती कुठे व्हय म्हणाली होती? त्याच रात्री नाटक होतं, दुसऱ्या अंकात राजाने राणीला रानात सोडलेली, राणी (आपला लवू दुकानदार, मिशी काढून) रडत होती. तांबू दावं तोडून आली ती थेट स्टेजवर, आणि आपल्या जागी बसली. राणीच्या पदरावर. उठेचना. पडदा पाडावा लागला.

हरिश्चंद्र म्हणाला, "वयनी, तुझ्या गोरवान नाटकाचा वाटोळा केल्यान."

मी म्हटलं, "मेल्या, ती नाटकात घुसाक नाय. नाटक तिच्या घरात घुसला."

पोरांना गोड पापा. तुम्हाला काही नाही.

कावेरी

ता. क. रागाने लिहिलंय असं वाटलं तर बरोबर वाटलं. काम असं की गाऱ्हाणं गाऱ्हाण्यानेच फिरतं, आणि मानकरी तुम्ही. रजा काढून या, नारळ ठेवा, तांबूची जागा मागून घ्या. हरिश्चंद्रही व्हय म्हणेलच, जीभ त्यालाही आहे.

आणखी ता. क. लगेच निघू नका. पुढच्या शनिवारी तेच नाटक पुन्हा लावलंय. राजा राणीला परत नेतो की नाही ते कळल्याशिवाय मी थेटर बंद पडू देणार नाही.