सहा पॉइंट नऊ इंचांचा प्रज्योत

१४ जून

पुन्हा तेच! प्रज्योत वीस मिनिटं बोलला आणि मी वीस मिनिटं मान डोलावली. काय बोलला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पाच वर्षांची असताना तापात माझे कान गेले. तेव्हापासून ओठ वाचते, आणि चांगली वाचते – गणपतीच्या कारखान्यातल्या बायका कुजबुजायचं असलं की माझ्याकडे पाठ करतात, ते उगाच नाही. पण हा बाबा न्हावा शेव्याला ट्रेलर उभा करून व्हिडिओ कॉल लावतो आणि माझं सगळं शिक्षण वाया. फोन जुना, स्क्रीन एवढीशी, त्यात तडा. तोंडाच्या जागी नुसता काळा डाग हलतो. मेसेज लिही म्हटलं तर अंगठा पाठवतो!

मी मात्र त्याला भरभरून सांगते. माझे उच्चार नवख्याला पटकन कळत नाहीत, पण तो छान हसतो, मान हलवतो. निदान त्याला तरी माझं कळतं.

दोन्ही घरची पसंती झालीय. होकार माझ्यापाशी अडलाय. गणपतीच्या आत सांग, म्हणतात. पण जन्मभर अशीच मान डोलवायची का?

२१ जून

दादाला खरं काय ते सांगून टाकलं. फोन म्हटलं की माझ्या भावाला तहानभूक नसते. लगेच ओठ मोठे करून म्हणाला, "सप्टेंबरला नवा येतोय! सहा पॉइंट नऊ इंच! पीपीआय पाचशेच्या वर!"

अजून कोणी तो फोन पाहिलेला नाही, मापं मात्र सगळ्यांना पाठ. पीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके बसतात ते. हे मला झटकन कळलं. मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. पापणीची रेघ जितकी बारीक, तितका बाप्पा आपल्याकडे बघतो. म्हणजे ठिपके वाढले की प्रज्योतचे ओठ दिसणार!

२२ जून

ठरलं. फोन येईपर्यंत होकार नाही. आईला सांगितलं, सीझन आहे, डोकं ठिकाणावर नाही.

५ जुलै

घोटाळा! आता म्हणे सहा पॉइंट सातच. दादा सुतक लागल्यासारखा बसलाय. मी म्हटलं, दोन दशांश इंच गेले म्हणजे एक ओठ गेला की रे!

संध्याकाळी परत सहा पॉइंट नऊ. दादाने त्या मापाचा पुठ्ठा कापून माझ्या हातात दिला. "सवय कर." मी पुठ्ठा कानाला लावून दाखवला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी!

१२ जुलै

मला तो आवडला कधी? चुलतबहिणीच्या हळदीत. बेंजो बँडचा दणका मला कानात नाही, बरगड्यांत येतो. मी ठेक्यावर बरोबर नाचते हे त्याने पाहिलं आणि समोर येऊन नाचायला लागला. दोन तास! तेव्हा बोलायची गरजच पडली नाही.

९ ऑगस्ट, रविवार

पालीला गेलो, दोन्ही घरं. बल्लाळेश्वराचं दर्शन झालं, मग मोठ्यांनी आम्हाला मुद्दाम मागे ठेवलं. भर उजेड. प्रज्योत हातभर अंतरावर. तडा नाही, ठिपके नाहीत, अख्खा माणूस समोर!

आणि एक शब्द कळला नाही.

त्याचे वडील, दत्तात्रेयकाका, पानपट्टीवर कोणाशी बोलत होते ते मला लांबून सगळं वाचता आलं. याचंच का नाही? म्हणजे दोष फोनचा नाही. माझाच. परत येताना गाडीत कोणाकडेच बघितलं नाही.

१० ऑगस्ट

काम सुचेना म्हणून दादाचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर प्रज्योत रंगवला. डोळे झकास. मिशी तर एकेक केस सुटा! भाविका माझ्या शेजारी शाडूच्या मूर्तींना रंग देते. वाकून बघितलं आणि म्हणाली, "याला ओठ कुठं हान गो?"

ओठ काढलेच नव्हते. काढायला जागाच नव्हती. मिशी खाली हनुवटीपर्यंत!

इतके दिवस इंच मोजत बसले. डोळ्यांची कारागीर म्हणे मी!

११ ऑगस्ट

आईला हळूच विचारलं, मिशी काढ म्हणून सांगू का? आई दचकलीच. "बाप जिता असताना मिशी काढतात व्हय? भलतंच!"

खरंच की. आमच्यात बाप गेला की पोरगा मिशी उतरवतो. असं कोणत्या तोंडाने मागायचं?

१२ ऑगस्ट

मेसेज केला. तीनदा खोडून चौथ्यांदा: "तुझं बोलणं मला आजवर एकदाही कळलं नाही. मिशी आड येते. काढ असं म्हणत नाही. पण खोटी मान आता हलवणार नाही."

निळी खूण आली. अंगठासुद्धा नाही.

१३ ऑगस्ट

काही नाही.

१४ ऑगस्ट

काही नाही. दादा सांगत आला, फोन आता दिवाळीला म्हणे. मला त्या फोनचा राग येतोय, बिचारा अजून जन्मायचाय. मला प्रज्योत हवा आहे. हे पहिल्यांदाच लिहिलं.

१५ ऑगस्ट

कॉल आला! त्याच तडकलेल्या स्क्रीनवर. शेजारी दत्तात्रेयकाका, धडधाकट, हातात वस्तरा घेऊन ऐटीत. प्रज्योतच्या नाकाखाली गोरा पट्टा आणि त्याखाली दोन ओठ! पहिलं वाक्य अक्षर न् अक्षर वाचलं –

"तुजा बोलना मना पन कलत नव्हता. मी पन नुसती मान हालवत होतो."

दादाला म्हटलं, कळव त्यांना. हो.